ओळंब्याची गुणोत्तरं

त्या गवंड्याला कामावर सगळे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. माणूसही तसाच होता. एखादी गोष्ट खरी वाटली की तसूभर हलायचा नाही. बायको म्हणायची, "भिंत चुकली तर पाडता तरी येते. यांचं काय करायचं?"

त्रेचाळिसाव्या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. फरशी बसवायला उकिडवा बसला की उठताना दोघांनी धरावं लागे. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, हे काम आता बंद. मुकादम भला माणूस. म्हणाला, "देखरेखीची जागा तुझ्यासाठी ठेवतो, पण तिला डिप्लोमा लागतो. संध्याकाळचे वर्ग असतात. प्रवेश परीक्षा तेवढी काढ." परीक्षा वर्षातून एकदाच, आणि पुढच्या वर्षापर्यंत कोण जागा अडवून ठेवणार? पास झाला तर उभ्याने काम, नाहीतर घरी. दुसरं काही त्याला येत नव्हतं. आणि दिवसभर घरात बसून खिडक्यांच्या चौकटी तपासणारा नवरा, ही कल्पनाच बायकोला सोसवत नव्हती.

शिकवणीचं काम पंधरा वर्षांच्या मुलीने अंगावर घेतलं. लाडकी, एकुलती एक, आणि शिकवताना भलतीच कडक. भाषा बरी निघाली. आकृत्यांचे प्रश्न तर त्याने झरझर सोडवले. घोडं अडलं ते गुणोत्तरांपाशी. वडील आणि मुलगी यांच्या वयांचं गुणोत्तर दिलं, तर हा विचारी, "आणि आई कुठे गेली यांची?"

"बाबा, आई प्रश्नात नाहीये."

"घरातच नाही की काय?"

एवढं हसण्यावारी गेलं. पण एके दिवशी पुस्तकात त्याच्याच धंद्यातला प्रश्न आला आणि त्याची कळी खुलली. सिमेंट, वाळू आणि खडी एकास दोनास चार या प्रमाणात घेतली; पस्तीस घमेली मिश्रणात वाळू किती? त्याने क्षणात उत्तर दिलं, "चौदा."

"दहा," मुलगी म्हणाली. "एक, दोन आणि चार मिळून सात भाग. पस्तीसला सातने भागलं की पाच. वाळूचे दोन भाग, म्हणजे दहा."

"अगं, सात घमेली टाकून सात कधी निघतात का? खडीच्या मधल्या फटींत वाळू शिरते, वाळूत सिमेंट शिरतं. हातात येतात पाचच्या आसपास. पस्तीस हवी असतील तर कोरडा माल एकोणपन्नास घ्यावा लागतो. त्यात वाळू चौदा."

मुलगी मान्य करेना. मग त्याने गॅलरीत बादली मांडली, तिच्यावर मगागणिक खुणा केल्या आणि खडी, वाळू, सिमेंट मिळून सात मग मापून पाण्यात कालवून दाखवलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? मिश्रण पाचव्या खुणेपाशी थांबलं. मुलगी बराच वेळ बादलीत बघत राहिली. बायको एवढंच म्हणाली, "ती बादली माझी होती."

त्यानंतर दर सराव परीक्षेत तेच. मिश्रणाचा प्रश्न आला की ओळंबा खरं उत्तर लिही आणि गुण घालवी. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मुलीने पेन खाली ठेवलं.

"बाबा, तुमचं खरं आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. पण परीक्षेला खरी खडी माहीत नाही. तुम्ही त्यांना माणसं समजा. सिमेंटचा एक माणूस, वाळूचे दोन, खडीचे चार. सातजण रांगेत उभे. माणूस माणसाच्या फटीत शिरतो का?"

"नाही शिरत," ओळंबा म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं, पण समजलं होतं. त्या दिवसापासून तो कच्च्या कागदावर माणसं काढू लागला. दूध-पाण्याच्या प्रश्नातही माणसंच. उत्तरं बरोबर यायला लागली.

परीक्षेच्या हॉलमध्ये त्याच्याहून निम्म्या वयाची पोरं होती. पेपराच्या मध्यावर नेमका तोच प्रश्न दबा धरून बसला होता: एकास दोनास चार, पस्तीस घमेली, वाळू किती? पर्यायांत दहा होते आणि चौदाही. चौदा बघून त्याचा जीव तुटला. पंचवीस वर्षं त्याने ज्या हिशेबाने स्लॅब टाकले, तो हिशेब तिथे छापलेला होता. त्याने कच्च्या कागदावर सात माणसं काढली, त्यांच्याकडे बघत बसला, आणि दहावर खूण केली. त्या चौदाच्या विचारात पुढचे दोन प्रश्न तर त्याला धड वाचताही आले नाहीत.

निकाल मोबाइलवर आला तो मुलीने आधी बघितला. बघितला आणि तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. ओळंब्याने काय ते ओळखलं.

"असू दे गं," तो म्हणाला. "काहीतरी बघू आपण. तू रडू नकोस."

"पास झालात," मुलगी म्हणाली. "कसेबसे, पण झालात."

"मग रडतेस कशाला?"

तिने नाक पुसलं. "तुम्हाला बरोबर येत होतं, बाबा. मीच तुम्हाला चूक लिहायला शिकवलं. त्यांनी चौदाच बरोबर धरलं असतं आणि त्यापायी तुम्ही नापास झाला असतात, तर मी काय केलं असतं?"

इतके दिवस ओळंबा समजत होता, परीक्षा आपलीच आहे. पोरीच्या छातीवर केवढा धोंडा होता, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याला तिची फार माया आली. भिंतीचा आधार घेत तो तिच्याशेजारी खाली बसला.

"दहाच बरोबर होतं गं," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण हे सहज जमलं.