एलिया मिस्त्रीनं घुबडाला घर बांधलं

कोल्हारपासून कोसभरावर, प्रवरेच्या काठच्या एका वाडीत एलिया मिस्त्री राहायचा. हाताला कसब सोन्याचं आणि स्वभाव बाभळीच्या गाठीसारखा. "मी केलेलं दार कुरकुरत न्हाई, आन मी बी कुनापुढं कुरकुरत न्हाई," असं तो स्वतःच सांगत फिरायचा.

चव्वेचाळीस साली लढाईच्या कामाला लाकूड हवं म्हणून ठेकेदारानं वाडीतली जुनी चिंच पाडायला घेतली. करवत एलियाचीच होती. झाड आडवं झालं तशी ढोलीतून घुबडांची जोडी उडाली आणि चार अंडी मातीत फुटली. एलियानं करवत खाली ठेवली. लोकांची घरं उभी करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या हातून आज घर मोडलं होतं.

"म्या मोडलं, म्याच बांधून देईन," तो म्हणाला.

घरात आंब्याच्या वाळलेल्या फळ्या होत्या. लेक रेबेका पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या बाळाच्या पाळण्यासाठी त्या राखून ठेवल्या होत्या. एलियानं नेमक्या त्याच घेतल्या. दीड हात लांब, हातभर उंच पेटी केली. वीतभर भोक ठेवलं, तेही वरच्या अंगाला, म्हणजे पिल्लं बाहेर पडायची नाहीत. छपराला पुढं उतार दिला. तळाला गिरमिटानं पाणी निघायची भोकं पाडून वर भुसा पसरला. बाहेरून रंधा मारला, आतून मात्र फळी खरबरीतच ठेवली. पिल्लांच्या नखांना धरायला काही नको का?

त्याच्या बायकोनं, मार्थानं, कपाळावर हात मारला. "अवं, नातवंडाचा पाळना घुबडाला?"

"नातवंडाला झोळी चालंल. घुबडाला झोळीत निजवून दाव मला."

घरामागच्या कडुलिंबावर, दोन पुरुष उंचीवर, सावलीकडं तोंड करून त्यानं पेटी पक्की बसवली. महिन्याभरात जोडी तिथं नांदायला आली आणि वाडीचं डोकं फिरलं. गरोदर बाईच्या खोलीपासून दहा पावलांवर घुबड! हिंदू म्हणाले, अपशकुन. आणि आमचे ख्रिस्ती तरी कुठं मागं होते? रविवारी देवावर विश्वास, उरलेले सहा दिवस घुबडावर.

पण पेटी पाडणार कोण? घुबडाला दगड मारला की ते तो दगड नेऊन झिजवत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. म्हणून वाडीतले मोठे बागायतदार आबासाहेब चार माणसं घेऊन एलियाच्याच दारात आले.

"मिस्त्री, पेटी उतरव. पोरीला काई झालं तर वाडी तुला माफ करनार न्हाई. आन पेटी हाय तवर तुला कुनी काम बी देनार न्हाई."

"नका देऊ. नांगर मोडला की काठीनं उकरा रान," एलिया म्हणाला.

बोलून गेला खरा, पण 'पोरीला काही झालं तर' हे शब्द काळजात रुतून बसले. कामाची त्याला फिकीर नव्हती. रेबेका एकुलती एक होती. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, कुणाला न सांगता, त्यानं कडुलिंबाला शिडी लावली.

वर चढून भोकातून पाहिलं, तर मादी अंड्यांवर बसलेली. तिनं पिसं फुगवली, फिस्स केलं, पण जागची हलली नाही. एलियाचा हात पेटीवरच राहिला.

"बाबा, खाली या." खाली रेबेका उभी होती, दिवस भरलेले, एक हात कमरेवर. "तिची अंडी फोडून माजं बाळंतपन सोपं व्हनार हाय व्हय? मला भ्या वाटत न्हाई, मग तुमाला कशाचं वाटतंय?"

एलिया खाली उतरला. लेकीसमोर त्याची मान खाली गेली. पण त्यानंतर ती पुन्हा कुणासमोर खाली गेली नाही.

नाताळ आठ दिवसांवर असताना रेबेकाला कळा लागल्या. दीड दिवस ती अडली. अंगणात वाडी गोळा झाली. सगळे नुसते कडुलिंबाकडं बघत होते. एलिया बुंध्याला पाठ लावून उभा राहिला, कुणी चढायचं धाडस करायला नको म्हणून. मनातल्या मनात देवाशी भांडला, त्याला नको नको ते बोलला, रडलासुद्धा; पण तिथून हलला नाही. दुपार कलताना आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, आणि रेबेका प्यायला पाणी मागत होती.

शेजारच्या गोजरबाईनं बाळंतपण केलं होतं. बाळाला घेऊन ती बाहेर आली आणि एलियाच्या कानाशी लागली. "नाव ठरलं असंल तर हळूच सांग. घुबडानं ऐकलं तर ते नाव घोकीत बसंल, आन लेकरू वाळत जाईल."

एलियानं नात हातात घेतली. सगळ्यांच्या देखत पेटीखाली गेला, मान वर केली आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "ऐक गं बाई! माज्या नातीचं नाव दीना! दीना! पाठ कर!"

गर्दी दोन पावलं मागं सरली. आबासाहेबांनी कानांवर हात ठेवले. वाडीत सगळ्यांत जास्त घाबरलेली मार्था डोळे पुसत दारात आली.

"अवं, आजून मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "दिवसाची झोपली असंल ती."