पेडलवरचा पाय

सांगलीच्या गॅरेजात मेकॅनिक नातवाच्या मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकमधली हवा काढत होता, मी बाकावर बसले होते. ब्रेक ऑइलचा वास आला आणि मला एकाहत्तर सालातलं उंब्रजचं अंगण दिसलं.

आमचे हे फौजेत ड्रायव्हर, सुट्टीवर आलेले. ते जुन्या जीपच्या मागच्या चाकापाशी, मी पेडलवर पाय देऊन.

"दाबून धर. मी म्हणल्याबिगार सोडू नगंस, हवा आत शिरल."

"आवं, पाय लय भरून आला!"

वळून बघते तर हवा काढायचा नट केव्हाच आवळलेला, आणि हे नुसते माझ्याकडं बघत बसलेले. अशी चिडले मी!

दोन दिवसांनी परत बोलावल्याची तार आली. ते गेले ते गेलेच.

"दाबून धर," मेकॅनिक नातवाला म्हणाला. बाकावर बसल्या बसल्या माझा पाय फरशीवर दाबला गेला. मग तो "सोड" म्हणाला. मी पाय उचलला नाही.