अण्णांचं अर्धं वाक्य

दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची मला वाईट खोड आहे. अवसरी खुर्दला कॉलेजच्या ऑफिसात मी खिडकीवर बसतो. पोरं "सर, माझा दाखला…" एवढं म्हणाली की मी सांगून मोकळा, "गुरुवारी या." आपल्या बोलण्यात काय करायचं ते अगदी शेवटी येतं, आणि तोवर थांबायचा मला दम नाही. बोलणारा अजून वाटेत असतो, मी मुक्कामी पोचलेला. बहुतेकदा अंदाज बरोबर निघायचा, म्हणून खोड आणखीच वाढली.

गेल्या वर्षी गावी, राजुरीला, वडिलांना, आमच्या अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. एकेक शब्द ओढून काढावा लागे. दारासमोर जाळीच्या वाघरात त्यांची अकरा मेंढरं होती. आजोबांच्या कळपातली तेवढीच राहिलेली. बिबट्यामुळं रोज कुणीतरी राखणीला हवं, आणि मला ते झेपणारं नव्हतं.

एका रविवारी अण्णा खाटेवरून म्हणाले, "मेंढरं… आता…"

"इकायची ना, अण्णा? मी बघतो."

ते माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलले, मग डोळे मिटले. मी तो होकार धरला. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं.

त्याच आठवड्यात व्यापारी टेम्पो घेऊन आला. एरवी मेंढरू देताना त्याच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय अण्णा ते सोडत नसत. त्या दिवशी ते आत खाटेवर, आणि टेम्पोचं फळकं मीच लावलं. आवाज ऐकून ते रडले. या आजारात माणसं उगाच रडतात, असं मी आईला समजावलं.

दोन-तीन महिन्यांनी जीभ थोडी सैल झाली. दुपारी मी त्यांना भात भरवत होतो. रिकाम्या वाघराकडं बघत ते म्हणाले, "तवा… मेंढरं… माज्याजवळ…"

'न्हाईत' हा शब्द माझ्या तोंडाशी आलाच होता. आईनं माझा दंड धरला. मी थांबलो. बराच वेळ थांबलो.

"…आण, म्हणत व्हतो. येकदा."

हातातला घास ताटात पडला. "चुकलं माझं, अण्णा," म्हणालो आणि मला रडू फुटलं. चालता डावा हात उचलून त्यांनी माझ्या पाठीवरून, मानेपासून खालपर्यंत, सावकाश फिरवला.