बबनतात्यांचा माईक

आमच्या पारनेर तालुक्यातल्या गावात सभा कुणाचीही असो, लाउडस्पीकर बबनतात्यांचा. पुढाऱ्याचं भाषण संपलं की टाळ्या थांबायच्या आत तात्या स्टेजवर चढायचे, त्याच्या पुढ्यातला माईक उचलायचे आणि वायर सोडत खाली लोकांत यायचे. "सायेबांचं झालं. आता तुमी इचारा," एवढंच म्हणायचे. मी लग्न होऊन आले त्या वर्षी एक पुढारी असा घामाघूम झाला की सत्काराचा नारळ तिथेच विसरून गाडीत बसला. मी तेव्हाच तात्यांवर जाम खूश झाले.

तात्या आमचे शेजारी. जुन्या पुढाऱ्यांवर त्यांचा भयंकर राग. "मतं मागाया समदे येत्यात, पान्याचं इचारलं की एक बी सापडत न्हाई," म्हणायचे. सगळं गावच टँकरपुढे उभं राहून चिडलेलं होतं. अशात आमच्याच आळीतला दादा सरपंचपदाला उभा राहिला. तरणाबांड गडी, आवाज खणखणीत. "आजवर यांनी तुम्हाला फसवलं. मला निवडा आणि निवांत घरी बसा. बाकी सगळं माझ्यावर सोडा." काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. निकालाच्या दिवशी जेसीबीतून गुलाल उधळला आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचत होते ते साठी उलटलेले तात्या.

दादाने कामही झपाट्याने केलं. रस्ता झाला, पाण्याची टाकी उभी राहिली. मग मारुतीच्या देवळापुढे ग्रामसभा भरली आणि दादा म्हणाला, "दर वेळी तेच प्रश्न, तेच रडगाणं. विरोधकांना नुसता खोडा घालायचाय. यापुढं ग्रामसभेत प्रश्न बंद. माझ्यावर विश्वास असेल त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर गेले. माझ्या नवऱ्याचाही. तात्या लाउडस्पीकरच्या मशीनजवळून उठले आणि त्यांनी दादाच्या पुढ्यातला माईक उचलला.

"तात्या, माझं संपलं नाही अजून," दादा हसत म्हणाला.

"व्हय. पर ठराव व्हायच्या आदी लोकांनी बोलाया नगं?"

"तात्या फुटले," पोरं ओरडायला लागली. कुणीतरी वायर ओढली. तात्यांनी ती मुठीला गुंडाळली, हिसका दिला आणि थेट आम्हा बायकांच्या ओट्याकडे आले. त्यांनी माईक दिला तो नेमका माझ्या सासूबाईंच्या हातात. घरात सासूबाईंचा आवाज चार घरं ऐकू जायचा, चारचौघांत मात्र पदर तोंडावर. पण त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या.

"दादा, मत म्या बी तुलाच दिलंय. टाकी लई झ्याक बांधली. पन तिच्यात पानी कवा येनार, ते सांग की."

आधी बायका हसल्या. मग एकीने माईक घेतला, मग दुसरीने. वर गेलेले हात हळूहळू खाली आले. दादा लालबुंद झाला, पण त्याला एकेकीला उत्तर द्यावं लागलं. ठराव तिथेच बारगळला आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत टाकीत पाणी पडलं. त्या सभेहून घरी जाताना आम्हाला इतका आनंद झाला होता की सासूबाईंनी त्या दिवशी माझ्या भाजीला नावंसुद्धा ठेवली नाहीत.

दादाने मात्र पुढच्या सभेला नगरहून लाउडस्पीकर आणला. तात्यांचं गावातलं काम गेलं. तरी ते प्रत्येक ग्रामसभेला पहिल्या रांगेत बसायचे आणि नुसत्या गळ्याने विचारायचे.

गेल्या वर्षी तात्या गेले. त्याच्या थोडं आधी पुन्हा निवडणूक झाली होती. मतदान करून तात्या आणि मी शाळेतून बाहेर पडलो, तेव्हा मी त्यांना छेडलं, "काय तात्या, यंदा दादाला चांगलाच धडा शिकवला असेल?"

"छ्या. त्यालाच दिलं, सूनबाई. कामाचं हाय ते पोरगं. पन त्याला एकटं सोडायचं न्हाई." शाईचं बोट धोतराला लागू नये म्हणून वर धरून ते दादाच्या घराकडे वळले. "चल, मत ताजं हाय तवर शाळेच्या गळक्या पत्र्याचं इचारून येऊ."