खिंडीच्या माथ्यावरचं तीन तासांचं ऊन

माझी ताई हवामान खात्यात वायरमन आहे. मी तिचा धाकटा भाऊ, धंद्याने शिंपी, चाळिशी ओलांडली तरी तिच्या लेखी बिनडोक.

उन्हाळ्यात तिने खिंडीच्या माथ्यावर हवामान केंद्र उभारलं. वारा मोजणारी चक्री, अँटेना, सोलर पॅनल, बॅटरी. माणूस कुणी नाही. दर तासाला वाऱ्याचा आकडा आपोआप खाली ऑफिसात यायचा आणि त्यावरून खिंडीतला रस्ता चालू ठेवायचा की बंद, ते ठरायचं. त्या रस्त्यावर रोज बस नेतात ते आमचे भावजी, ताईचे यजमान.

थंडी पडली आणि केंद्र मुकं झालं. बॅटरी संपलेली. त्याच आठवड्यात भावजींची बस वादळात सापडली, कठड्याला अडकली म्हणून दरीत गेली नाही. एकोणीस प्रवासी होते. सगळे वाचले, पण ताईचं तोंड उतरलं ते उतरलंच.

"माझं केंद्र बंद पडलं, म्हणून यांना कुणी अडवलं नाही," एवढंच म्हणायची.

साहेबांनी मोठी बॅटरी देऊ केली. ताईने घेतली नाही. "ऊनच नसेल तर ती भरणार कशाने?"

वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी ती मला घेऊन वर गेली. काम काय, तर सावलीच्या कडेला दर अर्ध्या तासाने एक दगड ठेवायचा! बोटं बधिर, नाक गळतंय, आणि ही बाई घड्याळ लावून सावल्या मोजतेय. मी जाम वैतागलो होतो. उन्हाळ्यात डोक्यावरून जाणारा सूर्य आता समोरच्या सुळक्यांच्या मागूनच सरकत होता. पॅनल सावलीत.

दुपारी मात्र दोन सुळक्यांच्या मधून ऊन आलं आणि साठ पावलांवरच्या एका खडकावर पडलं. अख्खा डोंगर काळा, तेवढा खडक पिवळा. जवळजवळ तीन तास! मला हात जोडावेसे वाटले, सूर्याला की ताईला, ते कळेना.

"अँटेनाचा खांब इथेच राहू दे, इथूनच ऑफिस दिसतं," ताई म्हणाली. "पॅनल तिकडे नेऊ. मधे जाड केबल."

दुसऱ्या दिवशी आम्ही ते केलं. पॅनल तिने जवळजवळ उभंच बसवलं, बर्फ साचू नये म्हणून.

महिन्याभराने एका सकाळी माथ्यावरून आकडा आला. ताशी एकशे दहा किलोमीटर. रस्ता बंद.

मी ताईकडेच होतो; ऑफिसातून फोन आला तेव्हा भावजी कामावर निघाले होते, ते चडफडत खुर्चीत बसले. "बाहेर पान हलत नाहीये आणि म्हणे वादळ!"

मी खिडकीतून पाहिलं. खरंच काही हलत नव्हतं. तिकडे वर, जिथे माणूस उभा राहू शकला नसता, तिथे ती चक्री फिरत होती आणि आम्हाला सांगत होती.

ताई खाली बसून भावजींच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "अगं, मी काढतो की," म्हणता म्हणता भावजी थांबले, कारण ती रडत होती.