इंटरव्ह्यूला काय घालू गो?

शिवणक्लासमध्ये चिंध्या आणि किस्से, दोन्ही कितीही झाडले तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा साठतातच. शहापूरला लताबाईंच्या क्लासला आम्ही पोरी जायचो तेव्हाचे माझ्याकडे इतके साठलेत, की कुणी नुसतं 'इंटरव्ह्यू' म्हटलं तरी मला हसू येतं. त्यातले बहुतेक आमच्या वैशालीचे आहेत, आणि तेव्हा हसायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

वैशाली सापगावची, भातशेतीवाल्या घरातली, बारावी पास. कल्याणला काचेची मोठमोठी दुकानं उघडत होती, तिथं सेल्सगर्ल पाहिजेत असं कानावर आलं आणि तिनं ते मनावरच घेतलं. तिचे वडील, म्हणजे अण्णा, म्हणाले, "दिवालीपर्यंत नोकरी लागली तर लागली. नायतर येईल त्या पाव्हण्याला हो म्हनायचं."

आणि दिवाळी तर तोंडावर आलेली!

* * *

आमच्यात इंटरव्ह्यू कुणीच दिलेला नव्हता. 'दाखवायला' मात्र बऱ्याच जणी बसल्या होत्या. मग लताबाईंनी तीच तयारी करून घेतली. मावशीची अबोली साडी, गजरा, दोन्ही खांद्यांवरून पदर. "मान खाली. इचारलं तेवढंच बोलायचं. आनि आधी नमस्कार!"

कल्याणच्या पहिल्याच दुकानात वैशालीनं केबिनमध्ये शिरल्या शिरल्या मॅनेजरला वाकून नमस्कार केला. साहेब जेमतेम पंचविशीचे! त्यांनी घाबरून पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"हॉबीज काय तुमच्या?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सगला सैपाक येतो," ही म्हणाली, "मच्छीपन."

"कळवतो," साहेब म्हणाले. पाव्हणेही जाताना असंच म्हणतात आणि हो-नाही कळवतातही, त्यामुळे हिला बरेच दिवस खरंच वाटत होतं.

* * *

दुसऱ्या वेळी साडी रद्द. पंजाबी ड्रेस ठरला. पण ओढणी घसरली तर? चारचौघांत तेवढ्यावरून नाव जायचं! लताबाईंनी ओढणीला सेफ्टी पिना मारायला घेतल्या त्या थांबेचनात. खांद्याला, बाहीला, कमरेला. वैशाली आरशात बघून म्हणाली, "आता वादल आलं तरी हालनार नाय."

दुकानातल्या मालकीणबाईंनी सांगितलं, "वरच्या फळीवरचा तो बॉक्स काढून दाखव."

हात वर होईचनात! ओढणी बाहीला, बाही कमरेला. ही बॉक्सखाली नुसती टाचा उंच करून उभी.

"खांदा दुखतो का गं?" बाईंनी मायेनं विचारलं.

पिनांचं सांगायची लाज वाटली. ही "हो" म्हणाली. झालं! बाईंनी तिला एका हाडवैद्याचा पत्ता दिला आणि घरी पाठवलं.

* * *

मध्येच माझाही एक घ्या. वैशालीचे हाल बघून मी ठरवलं, आपण चुकायचं नाही. ताईच्या लग्नातली जरीची साडी नेसून, ताईचीच पर्स घेऊन मी मुरबाडच्या एका साडीच्या दुकानात गेले.

"या, या, बसा ताई!" शेठनं गादीवर बसवलं. कोल्ड्रिंक आलं. पोऱ्यानं साड्यांचा ढीग मांडला. मी नोकरीसाठी आलेय हे सांगायला तोंड उघडायची आणि शेठ म्हणायचा, "आवडली नाही? दुसरी दाखवतो!"

शेवटी ब्लाऊजच्या अस्तराचं कापड विकत घेऊन घरी आले. आईला वाटलं, लताबाईंनीच मागवलंय.

* * *

मग कल्याणच्या सगळ्यात मोठ्या दुकानातून वैशालीला एसटीडी बूथवर निरोप आला. सोमवारी सकाळी इंटरव्ह्यू, 'फॉर्मल्स' घालून या. म्हणजे काळी पँट, पांढरा शर्ट. आणि त्याच सोमवारी दुपारी चारला मुरबाडकडचे पाव्हणे तिला बघायला येणार, हे अण्णांनी परस्पर ठरवलेलं!

वैशाली क्लासमध्ये मशीनवर डोकं टेकून रडली. "आता नाय लागली तर संपलंच ना गो सगलं?"

लताबाईंनी जन्मात पँट शिवली नव्हती. पण कापड आणलं आणि वाद सुरू झाला. चेन पुढं की बाजूला? बाईमाणसाला खिसा कशाला? "पगार कुठं ठेवू मग?" वैशाली डोळे पुसत म्हणाली. खिसा ठेवला. चेन बाजूला गेली.

सोमवारी ती पँट-शर्टवर लांबलचक कुडता चढवून, गावाला न दिसता निघाली. मी सोबत होते. कुडता दुकानाच्या दारात काढून माझ्याकडे दिला. बाहेर उभी राहून मी सगळ्या देवांना नवस बोलून झाले, तरी ही येईना. आली ती पळतच. "लागली गो! एक तारखेपासून ये म्हनाले!"

त्या आनंदात कुडता मी कल्याण स्टेशनच्या बाकावर विसरले.

परत पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. साडी घरात, आणि घराच्या ओटीवर पाव्हणे. मागच्या दाराला जायलासुद्धा वाट अंगणातूनच! वैशाली पँट-शर्टात सगळ्यांसमोर उभी राहिली. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. अण्णांचा चेहरा बघवेना. नवरा मुलगा कपातल्या चहात बघत बसला.

मुलाची आई उठली. नऊवारी, कपाळभर कुंकू, रापलेले हात. ती अंगणात उतरली, वैशालीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "चालून दाखव."

वैशाली तुळशीपर्यंत जाऊन आली.

"नोकरी करतेस?"

"आजच लागली," वैशाली म्हणाली, आणि या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

"लग्न झालं का सोडंल ती, बाय!" अण्णा घाईघाईनं म्हणाले.

मुलाच्या आईनं अण्णांकडे बघितलंच नाही. गुडघ्याजवळ पँटचं कापड दोन बोटांत धरून बघितलं, खिशात हात घालून तो किती खोल आहे ते बघितलं, आणि वैशालीच्या कानाशी वाकून विचारलं, "नऊवारीवाल्या बायांना कामाला घेतात काय गो तिथं? का मलापन अशीच शिवावी लागंल?"