उकळून पाहणारी शीला

"मावशी, मम्मी उठत नाहीये..." शीलाच्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा रविवारचे सकाळचे आठ वाजले असतील. काचीगुड्याच्या घरात मी इडलीचं पीठ ढवळत होते. डाव तसाच पातेल्यात ठेवून खाली आले आणि रिक्षा केली. दिलसुखनगरला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं, असं म्हणाले. माझी मैत्रीण शीला खिल्लारे छप्पन्न वर्षांची होती. दुपारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली, त्रिशरण-पंचशील झालं. जिन्यात शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "मॅडम काम क्या करते थे?" मला एका वाक्यात सांगता आलं नाही. "कुत्तों की दवा?" त्यांनीच पुढे विचारलं. मी मान हलवली खरी, पण ते उत्तर बरोबर नव्हतं. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. त्या जिन्यात जे सांगायचं राहिलं, ते इथे सांगते.

शीलाचे वडील रेल्वेत होते. नांदेडकडून बदली होऊन आले आणि काचीगुड्यालाच राहिले. आम्ही जुने हैदराबादी. आजोबांची शेती बिदरकडे, वडिलांचं दुकान इथे. शाळा एकच असली तरी तेव्हा आमची ओळख नव्हती. ओळख झाली ती नोकरीत. संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांना लागणारी द्रव्यं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती प्रयोगशाळेत होती आणि मी कागदांत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कुपीबरोबर एक प्रमाणपत्र जातं : हे इतकं शुद्ध आहे, हे इतकं काम करतं. त्याखाली सही माझी. पहिल्या महिन्यातच मी तिला घरी जेवायला बोलावलं. सासूबाईंनी तिचं आडनाव विचारलं आणि मग पुढे काहीच विचारलं नाही. शीलाला ते कळलं. मला वाटलं, आता ही काही परत यायची नाही. पुढच्या रविवारी ती हजर, हातात ज्वारीच्या भाकरीचा आणि ठेच्याचा डबा. त्याच्या पुढच्या रविवारीही. चौथ्या की पाचव्या खेपेला सासूबाईंनी तो डबा आपण होऊन उघडला आणि म्हणाल्या, "ठेच्यात शेंगदाणे जास्त झालेत गं." शीला म्हणाली, "हौ, पुढच्या वेळी कमी घालते." तिची सगळी भांडणं अशीच असायची. आवाज चढायचा नाही, पण ती जागचीही हलायची नाही.

ती बनवायची ते कुत्र्याचं एक प्रथिन. कुत्र्याच्या शरीरात रोगजंतू शिरले की पांढऱ्या पेशींना जागं करायचं काम ते करतं. प्राण्यांच्या आजारांवर, लशींवर संशोधन करणाऱ्यांना ते लागतं. ते रक्तातून काढत नाहीत. त्या प्रथिनाचा जनुक जिवाणूत घालतात आणि जिवाणूकडूनच ते तयार करून घेतात. एकाही कुत्र्याला सुई टोचावी लागत नाही. गंमत म्हणजे शीलाला कुत्र्यांची भयंकर भीती वाटायची. गल्लीत कुत्रं दिसलं की माझा दंड घट्ट धरून ती रस्त्याच्या पलीकडे जायची आणि पुटपुटायची, "तुमच्यासाठीच राबते रे बाबांनो, जरा ओळख ठेवा."

त्या प्रथिनाचा पहिला लॉट उत्तम निघाला. चाचणीच्या बशीत पेशी जाग्या झाल्या, मी सही केली, कुप्या पाच प्रयोगशाळांकडे गेल्या. साहेब खूश झाले, पेढे वाटले. आणि तीन आठवड्यांनी शीलाच्या हातून एक चूक झाली. एक कुपी गरम पाण्याच्या टाकीत विसरली. चांगला अर्धा तास उकळली. कुणीही फेकून दिली असती. तिने ती सहज चाचणीला लावली... आणि पेशी पहिल्यासारख्याच जाग्या झाल्या.

ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "उषा, उकडलेल्या अंड्यातून पिल्लू निघालं तर काय समजायचं?"

"काय?"

"ते पिल्लू त्या अंड्यातलं नाही, असं."

उकळल्यावर प्रथिनाचा जीव जातो, हे मग तिने मला समजावून सांगितलं. तरीही पेशी जाग्या होत असतील तर त्यांना जागं करणारं दुसरंच काहीतरी आहे. ते होते जिवाणूच्या कवचाचे अवशेष. उकळून ते मरत नाहीत. अशुद्धीची चाचणी आम्ही केली होती, पण द्रावणातल्याच एका घटकाने ती झाकून टाकली होती. म्हणजे पाच ठिकाणी माणसं आमच्या कुपीतल्या केरावर प्रयोग करत होती आणि वहीत प्रथिनाचं नाव लिहीत होती.

पाचही ठिकाणी पत्र लिहून हे कळवायचं, असं तिने साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. शांतपणे म्हणाले, "अम्मा, तक्रार कुणाची आहे? एकाचीही नाही. पुढचा लॉट नीट करा. पत्र कायकू लिखना?" आणि इथे मला एक कबूल करायला हवं... मीही तेच म्हटलं. डबा खाताना तिला समजावलं, की कुणाला कळणार नाही, प्रज्ञाचं कॉलेज व्हायचंय, नोकरी सांभाळ. तिने हातातला भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, "त्या पाचांपैकी एका ठिकाणी एक मुलगी पीएच.डी. करतेय. तिची दोन वर्षं जातील. कागदाखाली तुझी सही आहे म्हणून ती विश्वास ठेवून बसलीय. मला काय समजावतेस, तिला समजाव."

पत्र तिने स्वतःच लिहिलं. साहेबांनी सही करायला नकार दिला, तेव्हा खाली स्वतःचं नाव घातलं. लॉटचा क्रमांक आणि शिक्का मात्र माझ्याकडून हवा होता. मी दोन दिवस तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. तिने एकदाही मागितला नाही. रोज सकाळी यायची, "चहा घेतेस?" एवढंच विचारायची आणि जायची. तिसऱ्या दिवशी मी शिक्का मारला, आणि त्याखाली माझीही सही केली.

पुढचं सगळं तिने सोसलं. फोनवर एक शास्त्रज्ञ तिला अद्वातद्वा बोलले. ती "बरोबर आहे सर, चूक आमचीच आहे" म्हणत उभी होती. दोन प्रयोगशाळांनी आमच्याकडून काही घेणंच बंद केलं. साहेबांनी प्रकल्प काढून घेतला आणि तिला मिठाची साधी द्रावणं करायला बसवलं; वीस वर्षांच्या अनुभवाच्या बाईला! तिने फक्त खिडकीजवळचं अर्धं टेबल मागून घेतलं. दिवसभराचं काम आटोपलं की संध्याकाळचा तासभर ती तिथे. केर काढून टाकल्यावर कळलं की आमचं प्रथिन मुळात काहीच करत नव्हतं. त्याच्या नुसत्या गुठळ्या झाल्या होत्या. त्या सोडवून त्याला त्याच्या मूळ घडीत परत आणायचं होतं. कधी मीठ कमी, कधी थंडावा जास्त, कधी दोन थेंबांऐवजी एक. महिन्यांमागून महिने गेले. मी एकदा म्हटलं, "सोड आता." तिने वर न बघता विचारलं, "कायकू?"

जवळजवळ वर्षाने ती एका दुपारी धावत माझ्या खोलीत आली. शीलाला धावताना मी त्याआधी पाहिलं होतं ते कुत्रं मागे लागल्यावरच. "मेलं!" ती ओरडली. "उषा, उकळल्यावर मेलं!" एका बशीत पेशी जाग्या, शेजारच्या बशीत, उकळलेल्या कुपीच्या, सगळ्या निपचित. नव्या लॉटच्या पहिल्या कुप्या तिने त्याच पाच ठिकाणी पाठवायला लावल्या. महिन्याभराने त्या रागावलेल्या शास्त्रज्ञांचा फोन आला. अजून हव्यात म्हणाले. पुढे त्या मुलीने सगळे प्रयोग पुन्हा केले. त्यात सहा महिने गेले, पण पदवी मिळाली. साहेबांनी प्रकल्प परत शीलाच्या हाती दिला आणि काय हवं ते माग म्हणाले. तिने प्रमाणपत्रावर एक नवी ओळ मागितली : 'उकळून पाहिले, क्रिया शून्य.' ती ओळ आजही छापली जाते. मागच्या आठवड्यात घाईच्या ऑर्डरचा एक कागद त्या ओळीशिवाय माझ्यापुढे आला. मी तो परत पाठवला. दुसऱ्यांदा आला, दुसऱ्यांदा पाठवला.

परवा प्रज्ञाने मला घरी बोलावलं. कपाटात आईच्या वह्या सापडल्या होत्या. प्रयोगशाळेतली अधिकृत नोंदवही इंग्रजीतच असते. पण अर्ध्या टेबलावरच्या त्या वर्षाचं कच्चं टिपण शीलाने घरी, मराठीत लिहून ठेवलं होतं. मला याचा पत्ता नव्हता. प्रज्ञा मराठी बोलते ती निम्मी हिंदी-तेलुगूतली, आणि वाचायचं म्हटलं की अडखळते. "मावशी, तू वाच ना, मला टाइम लगता," ती म्हणाली. मी पर्समधून चष्मा काढला. तेवढ्यात तिनेच वही ओढून घेतली आणि ओळीखाली बोट ठेवलं.

"आज... पु... पुन्हा... जमलं नाही." ती थांबली. तिचे वडील मिलिंदराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "उद्या... मीठ... नि... निम्..."

पुढच्या जोडाक्षरावर ती अडली. शीलाचं अक्षर तसं किरटंच. मी शब्द सांगायला तोंड उघडलं.

"नको सांगू मावशी," वहीवरची नजर न काढता प्रज्ञा म्हणाली. "थांब जरा. लागेल मला."

आम्ही दोघं थांबलो.